डोंगरात रस्ता काढायच्या आधी कोण काय तपासतं? थोडी पार्श्वभूमी

सोलापूरच्या माणसानं डोंगरातल्या रस्त्यांवर लिहायचं म्हणजे गंमतच आहे. आमच्याकडं डोंगर कुठाय? बार्शीच्या पुढं येडशीला बालाघाट लागतो आणि तुळजापूरचा घाट चढताना एसटी जरा कण्हते, एवढाच काय तो. पण ट्रेकवाल्या मित्रांच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं, अमुक गडाच्या पायथ्यापर्यंत डांबरी झाली, तमुक घाट रुंद होणार, आणि लगेच खाली भांडण सुरू, एक म्हणतो गाववाल्यांनी काय जन्मभर डोली करून पेशंट उतरवायचे का, दुसरा म्हणतो जंगल संपवलं तुम्ही. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. पण रस्ता पडायच्या आधी प्राण्यांवर काय परिणाम होईल हे तपासायची पद्धत आली कधी, तिच्यात कुठला रस्ता बसतो आणि कुठला बसतच नाही, हे दोघांनाही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळामुळं यात शिरलो.

आधी जुनं. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० ला खुला झाला, त्याच घाटातनं रेल्वे १८६३ ला चढली (आणि गंमत बघा, गाडी सोलापुरात १८६० लाच आली होती, घाट मागनं पूर्ण झाला). आमची बार्शी लाईट रेल्वे १८९७ ला सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. तेव्हा हिशोब एकच, चढ किती, दगड किती फोडायचा आणि माल किती जाईल. प्राण्यांचा विचार झालाच तर शिकारीपुरता, साहेबाला शिकारीला जायला वाट हवी म्हणूनही रस्ते झालेत. तेव्हाच्या लोकांना दोष द्यायचा नाही, जंगल एवढं होतं की एका रस्त्यानं काय बिघडतंय असंच कुणालाही वाटलं असतं.

"रस्ता करण्याआधी परिणाम लिहून दाखवा" ही कल्पना कायद्यात पहिल्यांदा आली अमेरिकेत, त्यांचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० ला सही होऊन लागू झाला. १९७२ ला स्टॉकहोमची परिषद झाली, इंदिरा गांधी तिथं बोलल्या, आणि त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७६-७७ च्या सुमाराला नियोजन आयोगानं धरणांचे प्रकल्प पर्यावरणाच्या नजरेनं तपासायला सांगितलं, म्हणजे आपल्याकडं ही तपासणी सुरू झाली धरणांपासून, रस्ते कुणाच्या डोक्यात नव्हते. १९८० ला वन संवर्धन कायदा आला, जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागू लागली. इथं रस्ते पहिल्यांदा जाळ्यात आले, पण हेक्टर आणि झाडं या भाषेत. किती हेक्टर जाणार, किती झाडं तुटणार, बदल्यात कुठं लावणार. प्राणी कुठं हिंडतो हा प्रश्न त्या तक्त्यात नीट कधी बसलाच नाही.

मग भोपाळची वायुगळती झाली, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली २७ जानेवारी १९९४ ची अधिसूचना, जिला सगळे ईआयए म्हणतात, पर्यावरणीय आघात मूल्यांकन. १४ सप्टेंबर २००६ ला ती नव्यानं लिहिली गेली. आज जे काही चालतं ते या दुसरीवर, मधल्या ढीगभर दुरुस्त्यांसकट.

आता १९९४ च्या त्या अधिसूचनेतली एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पूर्ण वर्षाचा अभ्यास लांबतो म्हणून "रॅपिड ईआयए"ची सोय होती, एकाच ऋतूची माहिती गोळा करायची, आणि तो ऋतू कुठला तर पावसाळा सोडून कुठलाही. कारण साधं आहे, हवेतली धूळ-धूर मोजायची तर पावसात सगळं धुऊन जातं, आकडे चांगलेच येणार, म्हणून पावसाळा नको. कारखान्यासाठी हे अगदी बरोबर. पण तीच सवय जनावरं-पाखरं मोजायला पण लागली, फाईलच्या सोयीनं सर्व्हे थंडी-उन्हाळ्यातच उरकायचा, आणि तिथं सगळा घोळ आहे.

कसा ते नान्नजला कळतं. सोलापूर-बार्शी रोडला शहरापासनं वीसेक किलोमीटर, लोकांना हुरड्यामुळं माहीत असलेलं गाव, पण ते माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचं गाव आहे. १९७९ ला अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके आत, म्हणजे गावं, शेतं, रस्ते, उसाचे फड सगळंच अभयारण्य. लोकांना साधी जमीन एनए (बिगरशेती) करायची तरी अडचण, त्यामुळं पक्ष्याचाच राग बसला लोकांच्या मनात, आणि तो राग खोटा नव्हता. शेवटी २०१२ ला ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी पण हाताच्या बोटावर मोजण्याइतके राहिले होते, आता तर नान्नजला माळढोक दिसला ही बातमी होते.

हा पक्षी घरटं बांधत नाही. मादी उघड्या माळावर, गवतात, एकच अंडं घालते आणि जवळपास महिनाभर उबवते. आणि आपल्याकडं हे सगळं पावसाळ्यात. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो तेही याच दिवसात. म्हणजे मार्चमध्ये कुणी वही-पेन घेऊन या माळावर गेला तर त्याला काय दिसणार, वाळकं कुसळी गवत, चार काळवीट, नशीब असलं तर खोकड. वहीत लिहिणार, पडीक माळ, विशेष काही नाही. खोटं लिहिलं असंही म्हणता येत नाही.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी जुलैत गेलो होतो, नुकता पाऊस पडून गेलेला, पायमोज्यात जुनी कुसळं अडकलेली, ती काढत एका बांधावर बसलो. शेजारी मेंढरं घेऊन एक धनगर मामा होते. समोर माळावर दोन समांतर रेघा, टँकर का ट्रॅक्टर काहीतरी जात असणार, रस्ता म्हणावा असं काहीच नाही. मी विचारलं, "मामा, हितनं रस्ता हाय का?" ते म्हणाले, "रस्ता कुठला ओ, चाकोरी हाय. पर गाडी यकदा गेली की दुसरी बी त्याच चाकोरीनं जाती, मग पाणी बी तिथनंच जातंय, मग कुनीतरी मुरूम टाकतंय." जाऊन बघितलं तर खरंच, चाकोरीत वीतभर खोल पाण्यानं कापलेलं, बाजूचं गवत दोन्हीकडं हातभर मेलेलं आणि खालच्या टोकाला गाळाचा ढीग. तिथंच उमगलं की रस्ता काढायला टेंडर लागतंच असं नाही.

माळावर उतार फार नसतो तरी ही गत. डोंगरात उतार आहे म्हणजे सगळं दसपट. एका बाजूला डोंगर कापायचा, निघालेला राडारोडा दुसऱ्या बाजूला ढकलायचा, तो ओढ्यात जातो, मोऱ्या कमी टाकल्या तर पाणी नवी वाट काढतं आणि दरड येते, कापलेल्या कडेला ऊन लागतं तिथं घाणेरी आणि रानमोडी माजते, आणि रस्ता आला की लाकूडवाला, शिकारवाला आणि चहाची टपरी सगळे त्याच रस्त्यानं आत येतात. रस्त्याची रुंदी सात मीटर असली तरी जनावराच्या दृष्टीनं तो कितीतरी रुंद असतो. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ ला मुख्यतः शेकरूसाठी झालं, शेकरू शेंड्याशेंड्यांनी जातो, जमिनीवर यायला नाखूश, त्यामुळं वरचं झाडांच्या शेंड्यांचं छत तुटलं की त्याच्यासाठी मध्ये नदी आल्यासारखंच. तमिळनाडूत वालपराईला वानरांसाठी रस्त्यावरनं झाडाझाडांना जोडणारे झुलते पूल बांधलेत, साधा उपाय आहे, पण तो सुचायला आधी कुणीतरी वर मान करून बघावं लागतं.

आणि पावसाळ्याचा मुद्दा तर सह्याद्रीत फारच भारी पडतो. आंबोलीचा टोड घ्या, २००९ ला नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन झालं, अख्ख्या जगात आंबोलीच्या आसपासच सापडतो, आणि अंडी घालतो कुठं तर जांभ्याच्या कातळावर पावसानं साचलेल्या डबक्यात. एप्रिलमध्ये त्या कातळावर गेलात तर तो कातळच असतो, नुसता काळा तापलेला दगड. पार्किंगला एक नंबर जागा, असंच वाटेल कुणालाही.

बरं, मुळात कुठला रस्ता तपासायचा? २००६ च्या अधिसूचनेतल्या यादीत नवे राष्ट्रीय महामार्ग आहेत, मोठी रुंदीकरणं आहेत, आणि पुढं दुरुस्तीनं राज्य महामार्गाच्या रुंदीकरणाला अट घातली ती डोंगराळ भागाची किंवा संवेदनशील क्षेत्राची, आणि डोंगराळ म्हणजे काय तर समुद्रसपाटीपासनं १,००० मीटरच्या वर. आता आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे. म्हणजे आंबोलीचा घाट चढताना तुमचे कान बंद झाले तरी नुसत्या उंचीच्या हिशोबानं तुम्ही डोंगरात नाही! आणि गावरस्ते, देवळाकडं जाणारे, गडाच्या पायथ्याचे, ते या यादीतच नाहीत. पवनचक्क्या पण नाहीत, त्यामुळं त्यांच्यासाठी कापलेले रस्ते पण नाहीत. माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांचा दाखला आहे, तीव्र उतारावर धड न बांधलेले रस्ते, त्यातनं धूप आणि दरडी, ओढ्यांत जाणारा राडारोडा. लोक म्हणतात पवनचक्की म्हणजे स्वच्छ वीज, आहेच की, पण पंख्याचं एक पातं डोंगरावर न्यायला जेवढा रुंद आणि सरळ वळणाचा रस्ता लागतो तो बघितल्यावर कळतं, नुकसान चक्कीनं कमी आणि वाटेनं जास्त.

अभयारण्याच्या आतला रस्ता असेल तर मात्र गाळणी वेगळी आहे. १९५२ पासनं भारतीय वन्यजीव मंडळ होतं ते सल्ल्यापुरतं, २००२ च्या दुरुस्तीनं त्याचं राष्ट्रीय वन्यजीव मंडळ झालं, अध्यक्ष पंतप्रधान, रोजचं काम बघायला पर्यावरण मंत्र्यांची स्थायी समिती. वन्यजीव कायद्याचं कलम २९ तर वाचण्यासारखं आहे, अभयारण्यातला अधिवास बिघडवायची परवानगी तेव्हाच, जेव्हा ते वन्यजीवांच्याच भल्यासाठी आणि व्यवस्थापनासाठी गरजेचं आहे असं राज्य सरकारला राज्य वन्यजीव मंडळाचा सल्ला घेऊन पटेल. म्हणजे अक्षरशः धरलं तर घाटरस्ता रानगव्याच्या भल्याचा आहे हे दाखवायला पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं, अटी घालून परवानगी मिळते, भुयारी मार्ग करा, वेग कमी ठेवा, रात्री काम नको वगैरे. त्या अटी पुढं कोण तपासतं हा माझा जुना राग आहे, एकदा एका कार्यालयात विचारायला गेलो तर तीन टेबलं फिरवून चौथ्यानं परत पहिल्याकडं पाठवलं.

आणि मोठ्या रस्त्याला पण चुकवायची वाट असतेच. उत्तराखंडातला चारधाम रस्ता, साधारण ९०० किलोमीटर, हिमालयात, आणि तो ५३ तुकड्यांत दाखवला गेला. रुंदीकरणाला १०० किलोमीटरच्या वर असेल तरच ईआयए, तुकडा त्याहून लहान, म्हणजे अख्ख्या रस्त्याची एकत्र तपासणी झालीच नाही. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पर्यावरणतज्ज्ञ रवी चोप्रांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीतच रुंदीवरनं दोन तट पडले, सप्टेंबर २०२० ला कोर्टानं साडेपाच मीटर सांगितलं आणि डिसेंबर २०२१ ला लष्कराची गरज धरून दहा मीटरला मान्यता दिली. लष्कराचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण एवढा सगळा वाद रुंदीवर झाला, तुकडे का पाडले हा प्रश्न मागं राहिला असं मला तरी वाटतं. पुढं २०२३ च्या वन कायद्याच्या दुरुस्तीत सीमेपासनं १०० किलोमीटरच्या आतल्या संरक्षणाच्या रस्त्यांना जंगल परवानगीतनंच सूट मिळाली.

सगळं रडगाणंच नाही. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातनं केरळला जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासनं रात्री नऊ ते सहा वाहतूक बंद आहे, केरळची नाराजी आहे तरी टिकून आहे. नागपूर-सिवनी रस्त्यावर पेंचजवळ प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालनं वाटा ठेवल्या, त्यातली एक तर ७५० मीटर लांबीची, आणि डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले तर वाघ चक्क त्याखालनं जाताना सापडले. पण हे पण सपाट भागातलं, वरनं पूल आणि खालनं वाट असं करता येतं. घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, तिथं भुयारी वाट कुठं काढणार, आणि बेडकासाठी पूल कोण बांधणार. तिथं रस्ता कुठनं न्यायचा हे आधी ठरवणं एवढाच खरा उपाय राहतो, आणि ते ठरतं त्याच सर्व्हेवर.

आमच्या जवळचा डोंगर म्हणजे येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य, १९९७ चं, जेमतेम २२ चौरस किलोमीटर. रामलिंगाला गर्दी होते श्रावणात, गाड्या लावायला जागा नसते, दोन्हीकडं साईडपट्टीवर चाकं चढलेली, लोक म्हणतात रस्ता रुंद करा, पार्किंग करा, आणि त्या सोमवारी तिथं उभं राहिलं की तेही पटतं. गेल्या खेपेला मी गाडी लांब लावून चालत गेलो. कडेला नवीन चाकोरी पडली होती, आत झाडीत शिरणारी, दोन रेघा, मध्ये अजून हिरवं गवत उभं होतं. एका रेघेत पाणी साचलेलं आणि त्यात बेडकाची पिल्लं वळवळत होती, मागनं एक गाडी आली, मी बाजूला झालो.