ठोकलेल्या गाडीचा पडलेला भाव : जॉर्जियाच्या निकालामागची गोष्ट

जुन्या गाडीच्या जाहिरातीत आपल्याकडे ‘सिंगल ओनर’च्या शेजारी हमखास ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ लिहिलेलं असतं. गाडी बघायला आलेला जाणकार आधी बॉनेट उघडून बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का ते बघतो, मग दरवाजांच्या रंगात फरक जाणवतो का ते निरखतो. गाडी ठोकलेली आहे एवढं कळलं की डेंटिंग-पेंटिंग कितीही चोख असो, भाव पाडून मागितला जातो. दुरुस्तीचं बिल विमा कंपनी भरते. हा पडलेला भाव कोणी भरायचा?

अमेरिकेत या तोट्याला ‘डिमिनिश्ड व्हॅल्यू’ म्हणतात. चूक समोरच्याची असेल, तर त्याच्याकडून, म्हणजे व्यवहारात त्याच्या विमा कंपनीकडून, हा तोटा मागता येतो, हे तिथल्या बहुतेक राज्यांत मान्य आहे. ज्याने नुकसान केलं त्याने ते पूर्ण भरून द्यावं, हे तत्त्व जुनंच आहे. खरा झगडा झाला तो स्वतःच्या पॉलिसीवरून. चूक आपली असो वा कोणाचीच नसो, हप्ते आपण भरलेत. मग आपल्याच कंपनीने हा तोटा द्यायचा की नाही? पॉलिसीत लिहिलेलं असे की कंपनी एकतर पैसे देईल किंवा गाडी दुरुस्त करून देईल, आणि यातलं काय करायचं ते कंपनी ठरवेल. त्यावर कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं : गाडी दुरुस्त करून दिली, विषय संपला.

जॉर्जिया या अमेरिकी राज्यातल्या न्यायालयांना हे कधीच पटलं नव्हतं. १९२६ पासूनच्या तिथल्या निकालांचा धागा असा, की नुकसान गाडीच्या अवस्थेवरून नव्हे, किमतीवरून मोजायचं. अपघाताआधी गाडीची जी किंमत होती ती दुरुस्तीनंतर परत आली नसेल, तर नुकसान अजून शिल्लक आहे. म्हणजे हक्क कागदावर पाऊणशे वर्षं होता. पण तो मिळे फक्त मागणाऱ्याला, आणि मागायचा असतो हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खुपतं ते हेच. ज्याला पॉलिसीचा शब्दन्‌शब्द माहीत आहे त्याने गप्प बसायचं, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याने नेमकी मागणी करायची, अशी ती व्यवस्था होती.

दरम्यान बाजार बदलत होता. १९८४ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात कारफॅक्स ही कंपनी सुरू झाली. तिचा मूळ रोख मीटर मागे फिरवून गाड्या विकणाऱ्यांवर होता. पुढे नोंदी वाढत गेल्या आणि अपघाताची माहितीही गाडीच्या क्रमांकासोबत फिरू लागली. पूर्वी चांगल्या दुरुस्तीमागे अपघात लपून जाई. आता तो गिऱ्हाइकाला घरबसल्या दिसू लागला. जुन्या गाडीच्या बाजारात विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २००१ मध्ये, आणि योगायोगाने जॉर्जियाचा मोठा निकालही त्याच वर्षीचा.

तो निकाल म्हणजे स्टेट फार्म ही विमा कंपनी विरुद्ध मॅब्री. विमाधारकांच्या वतीने चाललेला हा सामूहिक दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सांगितलं, की विमाधारकाने नुकसानीचा साधा दावा केला तरी कंपनीने दोन्ही गोष्टी तपासायच्या : दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतली घट. विमाधारकाने वेगळं मागायची गरज नाही. माझ्या मते निकालाचा गाभा इथे आहे. हक्क जुनाच होता. तो आठवण्याचं ओझं न्यायालयाने कंपनीच्या खांद्यावर टाकलं.

याच खटल्यातून किमतीतली घट मोजायचं एक सूत्र निघालं आणि त्याने बराच घोळ घातला. खालच्या न्यायालयाच्या आदेशातल्या परिच्छेदावरून त्याला ‘१७-सी’ म्हणतात. गाडीच्या बाजारभावाचे १० टक्के ही कमाल मर्यादा. मग नुकसानीच्या तीव्रतेनुसार ० ते १ मधल्या आकड्याने गुणायचं, आणि पुन्हा मैलांनुसार गुणायचं. समजा गाडी २०,००० डॉलरची आहे. दहा टक्के म्हणजे २,०००. नुकसान मध्यम म्हणून ०.५०, राहिले १,०००. गाडी ४५,००० मैल चाललेली म्हणून ०.६०, हातात उरले ६००. आता मैल तर बाजारभावातच धरलेले असतात. तेच पुन्हा वजा करणं म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा कापणी. एक लाख मैल ओलांडलेल्या गाडीला तर हे सूत्र शून्य देतं. तरीही ते इतर कंपन्यांत आणि इतर राज्यांतही पसरलं. जणू त्यावर सरकारी शिक्का असल्यासारखं ते पुढे केलं जाई. शेवटी २००८ मध्ये जॉर्जियाच्या विमा आयुक्तांना जाहीर करावं लागलं, की आमच्या कार्यालयाने कोणत्याही एका सूत्राला मान्यता दिलेली नाही.

जॉर्जियाची वाट इतरांनी फारशी धरली नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि टेक्सासच्या २००३ मध्ये कंपन्यांच्या बाजूने कौल दिला : पॉलिसीत दुरुस्तीचं वचन आहे, किमतीचं नाही. कंपन्यांनीही अनेक राज्यांत पॉलिसीला पुरवणी जोडून ही घट सरळ वगळली. जॉर्जियातल्या अटलांटाच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मिळणारा हा हक्क त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या नातलगांना मिळत नाही.

आपल्याकडे स्वतःच्या गाडीच्या विम्यात ही वाट पहिल्याच पायरीवर बंद आहे. भारतातल्या प्रमाणित मोटार पॉलिसीत परिणामी नुकसान (अपघातामुळे पुढे होणारा अप्रत्यक्ष तोटा) आणि घसारा स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. ‘झिरो डेप’ ही पॉलिसीवरची जादा जोडणी घेतली म्हणजे तोही प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं; ते तसं नाही. त्यात बदललेल्या सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही, एवढंच. अपघातानंतर गाडी विकायला काढली आणि भाव पडला, तर त्याच्याशी या जोडणीचा काही संबंध नसतो. गाडीची बिलावरची किंमत देणारी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ ही जोडणीही गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तरच कामाला येते.