शंभर अंशांवर नळीचं काय होतं?

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे: सिलिकॉनची (म्हणजे सिलिकॉन या मूलद्रव्याचा कणा असलेल्या रबराची) नळी उष्णता सहन करते, कारण तिच्यातला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा मजबूत असतो. यातले आकडे खरे आहेत. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध तोडायला मोलमागे साधारण ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बनच्या एकेरी बंधाला साधारण ३५०. पण १०० अंश सेल्सियसला रेणूंच्या हालचालीतून उपलब्ध होणारी ऊर्जा मोलमागे ३ किलोज्यूलच्या आसपास असते. तिच्यापुढे ३५० काय आणि ४५० काय, दोन्ही बंध शाबूतच राहणार. तरीही हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक पीव्हीसी नळी उकळत्या द्रवाने काही सेकंदांत मऊ पडते, वाकली तिथे दुमडते आणि तोटीवरून सुटून येते. एकही बंध न तुटता नळी हात टेकते, तर मग तिच्यात बिघडतं काय? मला हा प्रश्न बिअरपेक्षाही चवदार वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर कायदेशीर मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने. प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, आणि विकायची नाही. तेव्हापासून तिथल्या गॅरेजांमध्ये हा छंद रुजला, आणि आज तिथल्या मराठी घरांमध्येही तो करणारे भेटतात. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. इथल्या वाचकांनी लेख रसायनशास्त्रासाठी वाचावा.)

एका वेळी साधारण ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर बनते. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे बार्लीतली विकरं स्टार्चची साखर करतात. हा गोड अर्क म्हणजे वॉर्ट. तो गाळून, हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) घालून तासभर खळखळ उकळायचा, पटकन थंड करायचा, मग यीस्ट. उकळेपर्यंतच्या भागाला ‘गरम बाजू’ म्हणतात, त्यापुढच्या भागाला ‘थंड बाजू’. पातेल्यातून पंपात, पंपातून कूलरमध्ये, तिथून आंबवण्याच्या भांड्यात असा सगळा प्रवास नळ्यांमधून होतो.

आता पीव्हीसी. शुद्ध पीव्हीसी कडक असतं, घरातल्या सांडपाण्याच्या पाइपसारखं. सुमारे ८० अंशांच्या वर ते काचेसारखी ताठ अवस्था सोडून मऊ होतं. मऊ नळी करण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव मिसळतात, कधी कधी वजनाच्या तीस-चाळीस टक्के. हे छोटे रेणू लांब साखळ्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात, त्यामुळे नळी खोलीच्या तापमानालाच लवचिक होते. पण मग तिचा आकार टिकतो कशावर? साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या नसतात. मधे मधे शेजारच्या साखळ्यांचे तुकडे नीट रांगेत बसून बारीक स्फटिकासारख्या गाठी बनवतात, आणि क्लोरीनमुळे साखळ्यांमध्ये थोडी विद्युत ओढ असते. नळीचा सगळा ताठपणा या उसनवारीच्या पकडीवर उभा असतो. तापमान वाढलं की ओढ कमी पडते, गाठी एकेक करून विरघळतात आणि पकड सुटते. बंध सगळे जागेवर, पण नळी लोळागोळा. त्यातच प्लास्टिसायझरही बांधलेला नसल्याने उष्णतेत जास्त वेगाने बाहेर झिरपतो, आणि तो जातो थेट वॉर्टमध्ये.

रबराची गोष्ट मुळातूनच निराळी आहे, आणि सिलिकॉन नळी हेही रबरच. रबरात साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींशी पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या असतात. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवलं (त्याचं अमेरिकन पेटंट १८४४चं), तेव्हा नेमकं हेच घडत होतं. असं जाळं तापवलं तर वितळूच शकत नाही. पण खरी गंमत पुढे आहे: ते तापवल्यावर ताणाला जास्त जोराने विरोध करतं.

इंग्लंडमधल्या केंडल गावात जॉन गॉफ नावाचे एक निसर्गअभ्यासक राहत. लहानपणी देवीच्या रोगात त्यांची दृष्टी गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी रबराची पट्टी ओठांना लावून ताणली, आणि ती कोमट झाल्याचं ओठांना जाणवलं. सैल सोडली, तर गार. मग वजन टांगलेली रबराची पट्टी तापवली, तर ती लांब होण्याऐवजी आखडली. तार, काठी, दोरी असं काहीही तापवून पाहा, बहुतेक सगळं प्रसरण पावतं. ताणलेलं रबर वर येतं. पुढे १८५९मध्ये जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी व्हल्कनाइज्ड (गंधक घालून तापवलेल्या) रबरावर काटेकोर मोजमापं करून हे पक्कं केलं. शाळेत ज्यांच्या नावाचं एकक आपण घोकलं, तेच जूल. आणि ते होते सॅल्फर्डच्या एका बिअर बनवणाऱ्या घराण्यातले. घरच्या ब्रुअरीचं काम त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आणखी एक धागा: गॉफ यांनी जॉन डाल्टनला शिकवलं, आणि डाल्टन यांनी जूलला. बिअरच्या नळीचं विज्ञान एका ब्रुअरच्या मुलानेच मोजून ठेवलं आहे, याचा मला दरवेळी आनंद होतो.

हे का होतं? शाळेच्या मैदानावर चाळीस मुलं एकमेकांचे हात धरून एक लांब साखळी करतात असं समजा, आणि दोन टोकांना दोन शिक्षक उभे आहेत. मुलं शांत उभी असतील तर साखळी सरळ ठेवायला फारसे कष्ट नाहीत. मुलं उड्या मारायला, इकडेतिकडे वळायला लागली की साखळी वेडीवाकडी होते आणि दोन्ही शिक्षक आत ओढले जातात. कोणीही मुद्दाम ओढत नाही. सरळ राहण्याची रीत एकच, वेडंवाकडं होण्याच्या रीती अगणित, म्हणून ओढ निर्माण होते. जितका दंगा जास्त, तितकी ओढ जास्त. रबराच्या रेणूसाखळीत दंगा म्हणजे तापमान. स्प्रिंगमध्ये बल येतं ते अणूंमधलं अंतर बदलल्यामुळे. रबरात ते मुख्यतः एन्ट्रॉपीमुळे, म्हणजे वेडंवाकडं होण्याच्या या अगणित रीतींमुळे येतं. म्हणून आदर्श रबराचा ताठपणा केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २० अंश सेल्सियस म्हणजे २९३ केल्विन, १०० अंश म्हणजे ३७३ केल्विन. भागाकार केला तर सुमारे सव्वापट. पीव्हीसी ज्या तापमानाला शरण जाते, त्या तापमानाला आदर्श रबराची नळी थंड असतानापेक्षा थोडी जास्त ताठ असते. प्रत्यक्षातल्या सिलिकॉन नळीत सिलिकाची बारीक पूड भरलेली असते आणि त्या पुडीची पकड उष्णतेने थोडी ढिली होते, त्यामुळे हिशेब इतका साफ येत नाही. ताठपणा जवळजवळ तोच राहतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

मग नैसर्गिक रबराची नळी का नको? कारण त्याच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात, आणि उष्णतेत हवेतला ऑक्सिजन त्यांच्यावर हल्ला करतो. रबर हळूहळू चिकट तरी होतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. शिवाय त्याचा वास वॉर्टला लागतो. सिलिकॉन रबराच्या साखळीच्या कण्यात दुहेरी बंध नाहीत. तो कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचाच बनलेला आहे, वाळूतला बंध तोच, त्यामुळे ऑक्सिजनला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. सुरुवातीला सांगितलेला ४५०चा आकडा कामाला येतो तो इथे, दोनशे अंशांच्या वर महिनोन्‌महिने टिकायचं असेल तेव्हा. वॉर्टला त्याची गरज नाही. नळीवर छापलेले ‘२३० अंश’ वाचून हुरळून जाऊ नये. आपल्याला १०२ अंशांपुढे जायचंच नाही.

सिलिकॉनच्या कण्याचा दुसरा गुण म्हणजे त्याचा विलक्षण सैलपणा. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा कोन जवळपास १४५ अंशांचा, उघडा आणि सहज बदलणारा. बंध लांब, ऑक्सिजनवर दुसरं काही लटकलेलं नाही, म्हणून साखळी जवळजवळ विनाअडथळा वळते. ती गोठून काचेसारखी होते ती थेट उणे १२५ अंशांच्या आसपास. १९६९मध्ये चंद्रावर उमटलेल्या बुटांचे तळवे सिलिकॉन रबराचे होते, ते याचमुळे. ही द्रव्यं स्वस्तात बनवण्याची वाट १९४०मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोकाव यांना सापडली होती.

पण या सैलपणाची किंमत मोजावी लागते, आणि माझ्या मते नळी निवडताना लोक चुकतात ते इथेच. साखळ्या सतत हलत असल्यामुळे त्यांच्यामध्ये क्षणोक्षणी फटी उघडतात आणि मिटतात. वायूंचे रेणू त्या फटींतून उड्या घेत पलीकडे जातात. सिलिकॉन रबरातून ऑक्सिजन नैसर्गिक रबराच्या वीस-पंचवीसपट सहज पार होतो. कार्बन डायऑक्साइड त्याच्याही सुमारे पाचपट. १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या वॉल्टर रॉब यांनी सिलिकॉनच्या पातळ पडद्यांच्या पेटीत हॅमस्टर ठेवून ती पेटी पाण्यात बुडवली होती. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर तो प्राणी आत मजेत श्वास घेत होता. सुरुवातीच्या कृत्रिम फुप्फुसांमध्ये याच गुणाचा उपयोग झाला. जो पदार्थ फुप्फुस होऊ शकतो, त्याच्या नळीत तयार बिअर आठवडाभर भरून ठेवली तर काय होईल? ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. बिअर शिळी होते तेव्हा तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. ट्रान्स-२-नोनेनल नावाचं संयुग त्यात ओळखू येतं.

म्हणून ‘सगळीकडे सिलिकॉनच वापरा’ हा सल्ला मला पटत नाही. गरम बाजूला सिलिकॉनच, तिथे शंकाच नको. वॉर्ट नळीत काही सेकंदच असतो, आणि थंड झालेल्या वॉर्टला तर यीस्टसाठी आपण मुद्दाम ऑक्सिजन देतो, म्हणून तिथे ही गळती निरुपद्रवी आहे. पण आंबवणं संपलं की सिलिकॉन बाजूला ठेवावं. पिंपातून नळापर्यंत बिअर नेणारी नळी वेगळी हवी. आतून पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) किंवा नायलॉनचा पातळ थर असलेल्या नळ्या मिळतात, त्या ऑक्सिजनला बऱ्यापैकी अडवतात. तिथे तापमान चार-पाच अंशांचं, मग उष्णता सहन करण्याचा गुण घेऊन करायचं काय? सिलिंडरमधून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी तर सिलिकॉन नकोच.

खरेदी करताना ‘बीपीए-मुक्त’ या शिक्क्याला भुलून जास्त पैसे देऊ नयेत. बीपीए (बिस्फेनॉल-ए) हे रसायन लागतं पॉलिकार्बोनेट आणि इपॉक्सी ही प्लास्टिकं बनवायला. सिलिकॉनमध्ये ते मुळातच नसतं. फॉरवर्डमधून फिरणारी ‘तापलेलं प्लास्टिक म्हणजे कर्करोग’ ही ओरडही तितकीच निरर्थक आहे, कारण प्लास्टिक हा एक पदार्थ नाही. कोणतं प्लास्टिक, त्यात काय मिसळलंय, किती तापमान, किती वेळ, हे न विचारता भीती पसरवणं म्हणजे अंधश्रद्धाच. विचारण्यासारखी गोष्ट एक आहे: जाळं कशाने जोडलं आहे? स्वस्त सिलिकॉन पेरॉक्साइडने जोडतात. त्यात आम्लांसारखे उपपदार्थ उरतात, ते भट्टीत नीट उडवले नाहीत तर नळीवर पांढरी पूड येते. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जोडलेल्या नळीत असे उपपदार्थ तयारच होत नाहीत. अन्नाच्या संपर्कासाठीचा दाखला हवा असेल तर अमेरिकेत रबरी वस्तूंसाठी एफडीएचा (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा) नियम १७७.२६०० आहे, आणि अन्नाच्या उपकरणांतल्या द्रव्यांसाठी एनएसएफ ५१ हे मानक आहे. नुसतं ‘फूड ग्रेड’ लिहिणं पुरेसं नाही.

आतला व्यास अर्धा इंच आणि भिंत अष्टमांश इंच ही गरम बाजूची चालणारी जोडी. जाड भिंत लागते ती पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला. उकळत्या वॉर्टचा दाब थोडा जरी उतरला तरी त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पातळ नळी आत ओढली जाऊन चपटी होते. म्हणून प्रवाह कमी करायचा तर पंपातून वॉर्ट बाहेर पडतो तिथली झडप आवळावी, खेचणाऱ्या बाजूची पूर्ण उघडी ठेवावी. ओली सिलिकॉन नळी तोटीवरून घसरते, तिथे क्लॅम्प लावावा. आणि सिलिकॉन फाटायला कमकुवत असतं: कडेला बारीक चीर पडली की ती पुढे धावते, तेव्हा धारदार पात्याने सरळ कापावं आणि चीर दिसली की तेवढा तुकडा छाटून टाकावा. हॉप्सची तेलं सिलिकॉनमध्ये मुरतात, वास जात नाही. त्याने नळी खराब झालेली नसते. आतल्या बाजूला ओरखडे असतील तर मात्र ती थंड बाजूला वापरू नये, कारण लॅक्टोबॅसिलससारखे बिअर आंबट करणारे जिवाणू अशा खाचांत ठाण मांडतात आणि तिथे त्यांना मारणारं उकळतं तापमान कधी येतच नाही.