वेब सर्व्हरमधील घटकांचे डिबगिंग

वेब सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या सॉफ्टवेअर घटकातला दोष, तो घटक तिथेच चालू असताना शोधण्याची पद्धत. एरवी प्रोग्रॅमर आपला प्रोग्रॅम स्वतः सुरू करतो, हवा तिथे थांबवतो आणि व्हेरिएबलमध्ये काय भरले आहे ते पाहतो. सर्व्हरमधला घटक मात्र भाडेकरू असतो. तो कधी मेमरीत येणार, कोणत्या खात्याच्या नावाने चालणार, एकाच वेळी किती थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, त्याला हाक मारणार, हे सगळे घरमालक, म्हणजे सर्व्हर, ठरवतो.

मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर याचा बोलका नमुना. १९९६ च्या अखेरीस त्याच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर एएसपी, म्हणजे सर्व्हरवर कोड चालवून वेबपान तयार करण्याचे तंत्र, आले आणि व्हिज्युअल बेसिक किंवा सी++ मध्ये लिहिलेले, मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम’ पद्धतीचे घटक, म्हणजे गरजेनुसार मेमरीत चढवायच्या डीएलएल फायली, वेबपानावरून वापरता येऊ लागल्या. हे घटक सुरुवातीला थेट सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच चालत्या प्रोग्रॅममध्ये, चालत. एक कोसळला की सर्व साइट त्याच्याबरोबर जात. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत एखादे ॲप्लिकेशन वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवण्याची सोय झाली. तिचा खरा फायदा प्रोग्रॅमरला झाला. डीएलएल एकदा मेमरीत गेली की सर्व्हर ती सोडत नसे आणि नवी बिल्ड (कोडपासून तयार केलेली फाइल) करायला जावे तर ‘परमिशन डिनाइड’. आता पूर्ण सर्व्हर बंद न करता तेवढेच ॲप्लिकेशन ‘अनलोड’ करता येऊ लागले.

त्या काळातली एक फजिती आजही समजून घेण्यासारखी आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये सवयीने घातलेला मेसेज बॉक्स सर्व्हरवर उघडे, पण कोणालाही न दिसणाऱ्या डेस्कटॉपवर. ‘ओके’ दाबायला तिथे माणूसच नाही. थ्रेड वाट पाहत बसे आणि ब्राउझरमधले पान नुसते फिरत राही. प्रोजेक्टच्या गुणधर्मांत ‘अनअटेंडेड एक्झिक्यूशन’ निवडले की असे संदेश खिडकीऐवजी लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जात.

खात्यांचा घोळ याहून चिवट. प्रोग्रॅमर स्वतःच्या लॉगिनवर घटक तपासतो. सर्व्हर तोच घटक कमी अधिकारांच्या निनावी खात्याने चालवतो. प्रोग्रॅमरला दिसणारा नेटवर्कवरचा ‘झेड’ ड्राइव्ह त्या खात्याच्या जगात नसतोच. त्रुटी-क्रमांक ८००७०००५ दिसला, तर कोड वाचत बसण्याआधी परवानग्या पाहाव्यात, कारण त्याचा अर्थच ‘प्रवेश नाकारला’ असा आहे.

२००३ साली सहाव्या आवृत्तीने ‘ॲप्लिकेशन पूल’, म्हणजे ॲप्लिकेशनचे वेगवेगळे गट, आणले. प्रत्येक पूलसाठी डब्ल्यू-थ्री-डब्ल्यू-पी नावाची वेगळी वर्कर प्रोसेस असते. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनातून तिला डिबगर (दोष शोधणारा प्रोग्रॅम) ‘अटॅच’ करायचा, म्हणजे जोडायचा, ही नेहमीची वाट. त्यासाठी सहसा ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. यादीत प्रोसेस दिसलीच नाही तर आधी ब्राउझरमधून एखादे पान मागवावे. विनंती आल्याशिवाय ती सहसा जन्मालाच येत नाही आणि मूळ सेटिंगनुसार २० मिनिटे काम नसले की मरते. अटॅच होऊनही ब्रेकपॉइंटचा, म्हणजे प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या ओळीचा, लाल ठिपका पोकळ दिसला, तर बहुधा चालू डीएलएल आणि हातातली पीडीबी फाइल (मेमरीतल्या पत्त्यांची कोडशी सांगड घालणारी) एकाच बिल्डची नाही.

खरी गंमत ब्रेकपॉइंट लागल्यानंतर होते. सर्व्हर दर ३० सेकंदांनी वर्कर प्रोसेसला ‘आहेस का?’ असे विचारतो आणि उत्तरासाठी ९० सेकंद थांबतो. डिबगरने थिजवलेली प्रोसेस उत्तर देणार कशी? प्रोग्रॅमर एकेक ओळ वाचत असताना सर्व्हर तिला आजारी समजून ठार करतो आणि हातातले डिबगिंग मध्येच तुटते. विकासाच्या मशीनवर पूलचे हे ‘पिंग’ बंद ठेवणे हा सरळ उपाय. चालत्या साइटवर ते बंद करू नये. तिथे डिबगर अटॅच करणेही शहाणपणाचे नाही, कारण एका ब्रेकपॉइंटवर त्या प्रोसेसमधले सर्वच वापरकर्ते खोळंबतात.

काही दोष तर पाहू लागले की लपतात. जुन्या एएसपीत सर्व्हर-डिबगिंग चालू करताच ॲप्लिकेशन एकाच थ्रेडवर चालू लागे. दोन थ्रेडच्या झटापटीतून उद्भवणारा दोष शोधण्यासाठी जो स्विच दाबला, त्यानेच झटापट मिटे. अशा वेळी जुनी लॉगची ओळच कामी येते: वेळ, थ्रेडचा क्रमांक आणि कोणते फंक्शन सुरू झाले, एवढे लिहिले तरी पुरे. अर्थात लॉग लिहिण्यानेही वेळेचे गणित थोडे हलतेच.

प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर म्हणून डंप घेतात. प्रॉकडंप किंवा डीबगडायग ही साधने प्रोसेसच्या मेमरीचे चित्र फायलीत उतरवतात. प्रोसेस तेवढ्यापुरती थबकते आणि पुन्हा चालू लागते. मग ती फाइल विनडीबीजी या डिबगरमध्ये उघडून प्रत्येक थ्रेड कुठे अडकला होता ते निवांत पाहता येते. मात्र त्याच बिल्डच्या पीडीबी फायली जपलेल्या असाव्या लागतात. त्या नसतील तर सी++ किंवा व्हिज्युअल बेसिकच्या घटकात फंक्शनच्या नावांऐवजी बऱ्याचदा नुसते मेमरीचे पत्ते हाती लागतात.