शाळकरी मुलांची दाढ किडते कशाने?

“आमच्याकडे चॉकलेट आणतच नाही, मग दाढ किडली कशी?” दवाखान्यात मुलाला खुर्चीवर बसवलं की बरेच पालक आम्हा दातांच्या डॉक्टरांना हेच विचारतात. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंड गोड झालं, ते आधी मोजा. सकाळी दुधाबरोबर बिस्किट, मधल्या सुट्टीत जॅम-पोळी, क्लासला जाताना ज्यूसचं पाकीट, खेळून आल्यावर वेफर्स. दर वेळी तोंडातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा ते एक तास लागतो. सतत काहीतरी चघळणाऱ्या मुलाच्या दातांना ही उसंतच मिळत नाही. लाडू द्यायचाच तर जेवणाबरोबर द्या. बिस्किट-वेफर्सना ‘गोड नाही’ म्हणून सूट देऊ नका. त्यांचा लगदा दाढेच्या खाचांत चिकटून बसतो.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधीचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. ही पक्की दाढ, किडली तर दुसरी येणार नाही. वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे ब्रश तिला न लागताच पुढे जातो. तिथे ब्रश आडवा धरून घासा. खाचा खोल असतील तर आम्ही त्यांवर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, लावतो. त्याला इंजेक्शन लागत नाही.

“दुधाचीच आहे, पडेल” हेही नेहमीचं. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत लागतात. लवकर काढावी लागली तर जागा आक्रसते आणि पक्का दात वाकडा येतो.

आधी एखादी दाढ किडलेली असेल, दातांना तारा असतील, दम्याचा पंप किंवा गोड सिरप रोज चालू असेल, मूल तोंडाने श्वास घेत असेल, तर धोका जास्त. पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा.

झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नका. सात-आठ वर्षांपर्यंत तो मोठ्यांनीच करून द्यावा. १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट, लहानांना वाटाण्याएवढी. नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ नको. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावचे असाल तर आम्हाला आधी सांगा.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर लगेच या. तेव्हा फ्लोराइडचा लेप लावून बहुतेकदा भागतं. येताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणा.