पोटावर बॅग असताना परदेशी जायचंय? पुणेकरांसाठी पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि विमानतळ

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेतो. स्टोमा (मल किंवा लघवी बाहेर यायला ऑपरेशनने पोटावर केलेलं तोंड, ज्यावर बॅग लावतात) असलेल्या माणसाला परदेशी जायला वेगळी परवानगी लागते का? नाही. पासपोर्ट ऑफिसची नाही, विमानतळाची नाही, आरोग्य खात्याचीही नाही. मोठ्या आतड्याची कोलोस्टोमी असो, लहान आतड्याची इलिओस्टोमी असो की लघवीसाठी केलेली युरोस्टोमी, कायमची असो की काही महिन्यांनी बंद करायची, नियम तोच. ‘स्टोमाचं ट्रॅव्हल सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

लागतं ते डॉक्टरचं एक नीट लिहिलेलं पत्र, आणि विम्याच्या फॉर्ममध्ये खरं लिहायची तयारी. बाकी सगळे अर्ज चारचौघांसारखेच. घोळ होतो तो पत्र कुठे दाखवायचं आणि कुठे गप्प बसायचं यात. म्हणून एकेक टप्पा घेऊ.

पासपोर्ट

पासपोर्टच्या अर्जात आजारपण किंवा ऑपरेशन विचारणारा रकानाच नाही, त्यामुळे इथे स्टोमाचा विषय काढायची गरज नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवर खातं उघडा, फॉर्म भरा, फी भरून तारीख घ्या. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानीची २०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २००० रुपये. पुण्यात बहुतेकांना मुंढव्याच्या सेवा केंद्रात जावं लागतं. तिथे ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून फाइल पुढे सरकते. फोटो आणि बोटांचे ठसे ए काउंटरवरच होतात. जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा मूळ स्वरूपात न्या. आत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, म्हणून बॅग रिकामी करून जा आणि बदलायच्या बॅगेचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

पासपोर्ट आधीपासून असेल तर मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असले की बहुतेक देशांचं समाधान होतं.

नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं पूर्ण असतं. डिस्चार्ज कार्डावर आडनाव आधी, मधलं नाव नुसत्या आद्याक्षरात आणि स्पेलिंग रिसेप्शनवरच्या मुलीला सुचलं तसं. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटली तर त्याचा दोष नाही. त्यामुळे नवं पत्र घेताना नाव पासपोर्टवरून उतरवून घ्या.

अपंगत्वाच्या कार्डासाठी थांबू नका

यूडीआयडी कार्ड काढूनच निघावं, असा सल्ला खूप जण देतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय आणि स्टोमा त्यात नाही. दुसरं काही अपंगत्व असेल तर कार्ड जरूर काढा, पण केवळ बॅग आहे म्हणून ते मिळणार नाही. गंमत म्हणजे रेल्वेच्या सवलतींच्या यादीत ऑस्टॉमी (म्हणजे स्टोमावाला) पेशंट हा शब्द आहे आणि पासावर सवलतही आहे. एक सरकारी खातं ओळखतं, दुसरं नाही. विमानाच्या तिकिटाला याचा काही उपयोग नाही, हे ओघानेच आलं.

डॉक्टरचं पत्र

सगळा प्रवास या कागदावर चालतो, म्हणून इथे थोडं थांबू.

पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलेलं हवं. ऑपरेशन ससूनमध्ये झालेलं असो की खासगी हॉस्पिटलात, ज्या युनिटने केलं तिथल्या सर्जनकडूनच ते घ्या. फॅमिली डॉक्टरचं पत्रही चालतं, पण सर्जनच्या पत्राला कोणी उलटं विचारत नाही. नोटरीची गरज नाही, अपोस्टिलची (परराष्ट्र खात्याच्या शिक्क्याची) गरजही नाही.

ओपीडीत डॉक्टरांना वेळ नसतो आणि घाईत ते ‘पेशंट प्रवासाला फिट आहे’ एवढं एका ओळीत लिहून देतात. त्या एका ओळीने आपलं काम भागत नाही. मजकूर घरीच टाइप करून न्या. डॉक्टर वाचतात, एखादा शब्द बदलतात आणि लेटरहेडवर छापून देतात. त्यात एवढं यायला हवं: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि पासपोर्ट क्रमांक, स्टोमाचा प्रकार, ऑपरेशनची तारीख, प्रकृती स्थिर असल्याचं आणि विमानप्रवासाला हरकत नसल्याचं वाक्य. मग सामानाची यादी, नावानिशी: प्लेट (कातडीला चिकटणारी चकती, जिच्यावर बॅग बसते), बॅगा, पेस्ट, पावडर, चिकटपणा काढायचे वाइप्स, आणि हे सगळं केबिनमध्ये जवळ असणं गरजेचं असल्याचा उल्लेख. औषधं ब्रँडच्या नावाने लिहू नका, मूळ नावाने आणि डोससकट लिहा, कारण आपल्या मेडिकलमधला ब्रँड फ्रँकफर्टच्या फार्मसीत कोणाला माहीत नसतो. शेवटी अजून एक वाक्य: तपासणीसाठी बॅग काढता येणार नाही, आणि अंगावरची तपासणी करायचीच असेल तर ती बंद खोलीत व्हावी.

दोन मूळ प्रती घ्या. एक हातातल्या बॅगेत, एक सोबतच्या माणसाकडे. फोनमध्ये फोटो असू द्या, पण भिस्त कागदावरच ठेवा.

व्हिसा

इथे लोक उगाच घाबरतात. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या) अर्जात तब्येतीचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा फॉर्ममध्ये आजाराचे मुख्य प्रश्न दोन आहेत. एक संसर्गजन्य आजाराचा, दुसरा स्वतःला किंवा इतरांना धोका होईल अशा शारीरिक वा मानसिक विकाराचा. स्टोमा यातल्या कशातच बसत नाही, त्यामुळे त्याच्यापुरतं उत्तर ‘नाही’ असंच आहे आणि त्यात लपवाछपवी काही नाही. मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला गेलात तर पत्र फाइलमध्ये असू द्या, विचारल्याशिवाय बाहेर काढू नका.

शेंगेनचा अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फी ९० युरो. सोबत किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे, आणि आपल्या लोकांचा खरा पेपर तिथे असतो.

विमा

विम्याच्या फॉर्मवर ‘आधीचा आजार आहे का’ या प्रश्नासमोर ‘नाही’वर टिक करून एजंट मोकळा होतो. प्रीमियम कमी दिसतो, आपणही खूश. मग तिकडे आतडं अडकून ॲडमिट व्हायची वेळ आली की कंपनी जुने रिपोर्ट मागवते आणि क्लेम तिथेच संपतो. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं बिल खिशातून भरणं म्हणजे काय, ते मुलं तिकडे असलेल्यांना सांगायला नको.

म्हणून स्टोमा लिहा आणि तो ज्यामुळे झाला तो आजारही लिहा: कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स, अपघात, जे असेल ते. कंपनीला नुसत्या बॅगेपेक्षा मूळ आजार आता कुठल्या अवस्थेत आहे, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पॉलिसी हातात आल्यावर जुन्या आजारासाठीचं कलम शोधून वाचा. बऱ्याच पॉलिसी अशा आजारात फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा खर्च देतात, तोही ठरावीक रकमेपर्यंत. इलिओस्टोमीवाल्यांनी अंगातलं पाणी कमी होऊन ॲडमिट व्हावं लागलं तर ते धरलं जाईल का, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेवावं. एजंटच्या तोंडी ‘हो हो, सगळं कव्हर आहे’वर जाऊ नका.

विमान कंपनी

प्रकृती स्थिर असेल तर कंपनीला कळवणं बंधनकारक नाही. मेडिफ नावाचा वैद्यकीय फॉर्म असतो. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा डॉक्टरांनी. तो लागतो तो ऑपरेशन ताजं असेल तर. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण दहा दिवस तरी विमानात बसू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. माझं मत विचाराल तर दहा दिवसांत माणूस जिना चढायच्याही तयारीत नसतो, तेव्हा सर्जन सांगेल तेच खरं.

कळवण्यात फायदा मात्र आहे. टॉयलेटजवळची, कडेची सीट मागता येते. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी सांगा. वैद्यकीय सामानासाठी काही कंपन्या जादा वजन सोडतात, पण पत्र जोडून ईमेल केलात तरच. काउंटरवर घातलेल्या गळीला कोणी दाद देत नाही.

विमानात केबिनचा दाब कमी असतो. हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असते तितकी विरळ होते. महाबळेश्वर ४,५०० फुटांवर आहे, म्हणजे त्याच्याही पुष्कळ वर. पोटातला गॅस फुगतो, बॅगही फुगते. त्याने इजा होत नाही, पण फिल्टरची किंवा नेहमीपेक्षा मोठी बॅग लावलेली बरी.

सुरक्षा तपासणी

लोहगावहून थेट परदेशी जाणारी विमानं मोजकीच, त्यामुळे बहुतेकांना मुंबईचं टर्मिनल २ गाठावं लागतं. एक्सप्रेसवेला लागलात की खालापूरच्या फूड मॉलवर बॅग रिकामी करून घ्या. पनवेलनंतरचं ट्रॅफिक कोणाच्या हातात नसतं.

विमानतळावर सीआयएसएफची तपासणी असते. बॅगेत धातू नसल्याने दाराच्या चौकटीतलं यंत्र वाजत नाही, पण नंतर हाताने चाचपतात तेव्हा पोटावर काहीतरी आहे हे लगेच कळतं. बायकांची तपासणी पडद्याआड आणि महिला जवानाकडून होते, त्यांना तेवढी अडचण नसते. पुरुषांना सगळ्यांसमोर चौथऱ्यावर हात पसरून उभं राहावं लागतं. म्हणून चौथऱ्यावर चढायच्या आधीच बोला. ‘सर, ऑपरेशन हुआ है, पेट पे मेडिकल बैग लगी है, यह डॉक्टर का लेटर है।’ एवढं हिंदीतलं वाक्य पाठ असू द्या आणि पत्र हातात ठेवा, ट्रेमध्ये टाकलेल्या पाकिटात नको. आडोशाला तपासा, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. बॅग काढून दाखवायची नाही. फार तर कपड्यावरून हात लावू द्या.

अमेरिकेत विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या टीएसएचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. बॅग रिकामी करायला किंवा उघडी करायला सांगत नाहीत. कपड्यावरून तुम्हीच बॅगेवर हात फिरवायचा आणि मग तुमच्या हाताची स्फोटकांसाठी चाचणी होते. तिथल्या विमानतळावर मदतनीस हवा असेल तर टीएसए केअर्स या त्यांच्या मदतसेवेला ७२ तास आधी कळवता येतं. परतीच्या प्रवासात हे फार उपयोगी पडतं. जाताना मधे विमान बदलायचं असेल तर तिथेही पुन्हा तपासणी होऊ शकते, हे धरून चला.

सामानात सगळ्यात जास्त अडते ती कात्री. हातातल्या सामानात ती ठेवूच नका. निघायच्या आदल्या दिवशी घरी बसून प्लेटची भोकं मापाच्या कार्डावर बघून कापून ठेवा, कडेवरून बोट फिरवून टोचत नाही ना ते पाहा, आणि कात्री चेक-इनच्या सामानात टाका. पेस्टची ट्यूब १०० मिलिलीटरच्या आतली असेल तर प्रश्नच नाही. त्याहून मोठं औषधी द्रव पत्र दाखवून नेता येतं, फक्त ते वेगळं काढून ठेवा. चिकटपणा काढायच्या स्प्रेऐवजी वाइप्स न्या, ज्वलनशील डब्यावरून वाद नको.

सामान दोन ठिकाणी विभागायचं, पण प्रवासाचे दिवस आणि वर तीन-चार दिवस पुरेल एवढं हातातच हवं. बेल्टवर सामान आलं नाही तर पहिल्या रात्री प्लेट-बॅगा कुठे शोधणार? मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी हिशेब मांडावा: दर चार दिवसांनी प्लेट बदलत असाल तर ४५ प्लेट लागतील, घाम आणि गळती धरून ६० न्या.

औषधं

जुलाब आवरणारं लोपेरामाइड बहुतेक ठिकाणी अडत नाही. कोडीन किंवा ट्रामाडोल ही वेदनाशामकं घेत असाल तर जपून. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत आणि तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. दुबईला फक्त विमान बदलणार असाल तरी ती पिशवीत नसलेलीच बरी. जपानला एक महिन्यापेक्षा जास्त औषधं न्यायची तर आधी आयात प्रमाणपत्र काढावं लागतं. ओआरएसची पुडी मात्र निःशंक न्या. २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे.

तिथे पोचल्यावर

जपानात बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर स्टोमावाल्यांसाठी वेगळं बेसिन असलेली टॉयलेट्स आहेत. पोटावर अधिकचं चिन्ह असलेली माणसाची आकृती शोधा. ब्रिटनमध्ये अपंगांच्या टॉयलेटची कुलपं रडार नावाच्या किल्लीने उघडतात आणि ती विकत मिळते. जर्मनीत त्याच धर्तीची युरो-की आहे. तिला पात्र असलेल्यांत स्टोमावाले येतात, पण पुरावा जोडून अर्ज करावा लागतो, म्हणून ज्यांचं तिकडे येणं-जाणं असतं त्यांनीच त्या भानगडीत पडावं.

सामान संपलंच तर कोलोप्लास्ट, कॉन्व्हाटेक, हॉलिस्टर या कंपन्यांचा माल बहुतेक देशांत मिळतो, पण ‘ती गोल वाली’ असं सांगून नाही. खोक्यावर छापलेला प्रॉडक्ट कोड आणि मिलिमीटरमधलं माप, दोन्हीचा फोटो घ्या आणि डॉक्टरच्या पत्रावरही पेनाने लिहून ठेवा.