ताशी ३५ किलोमीटरला तरंगणारं विमान

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी मी नुकतंच एक ॲड-ऑन विमान घेतलं. पायपर सुपर कबच्या घडणीचं, मागे-पुढे दोन माणसं बसतील असं, फुगीर टायरचं बुश प्लेन. जिथे रस्ता पोचत नाही तिथे नदीकाठच्या गोट्यांवर उतरणारी ही जात. दिसायला विमान देखणं आहे, पंखावरच्या कापडाची शिवणसुद्धा दिसते. पहिल्याच संध्याकाळी त्यात पूर्ण वजन भरलं, वारा शून्य केला, उंचीवर जाऊन थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे घेतला आणि नाक हळूहळू वर ओढत वेग कमी करत गेलो. ६०, ५०, ४०. ताशी ३५ किलोमीटरला विमान कुठे थरथरायला लागलं.

‘अगदी खऱ्यासारखं उडतं’ असं जाहिरातीत लिहिलेलं होतं. बुश प्लेनचे व्हिडिओ पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. पण हा आकडा अशक्य आहे, आणि हे सांगायला वैमानिक असण्याची गरज नाही. शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

पंखाची लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारं बल, चार गोष्टींवर ठरते: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि लिफ्ट गुणांक. पहिल्या तिघांचा गुणाकार करायचा, तो निम्मा करायचा आणि गुणांकाने गुणायचा. गुणांक म्हणजे पंख वाहत्या हवेतून किती काम काढून घेतो याचं माप. त्याला एकक नाही आणि त्याची वरची मर्यादा पंखाच्या आकारावर ठरते.

आता खऱ्या सुपर कबचे आकडे घालू. कमाल वजन ७९४ किलो, म्हणजे सुमारे ७,७९० न्यूटन. पंख १६.६ चौरस मीटर. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) पूर्ण उघडून स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, ताशी ६९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १९.२ मीटर. समुद्रसपाटीला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो. या हिशेबात गुणांक निघतो साधारण २.१. फ्लॅप लावलेल्या साध्या पंखाला हे शोभणारं उत्तर आहे. पुढच्या कडेला स्लॅट नावाची पट्टी (तिच्याबद्दल पुढे) आणि मागे मोठे फ्लॅप असलेले बुश प्लेनचे पंख फार तर ३ च्या आसपास जातात. माझ्या ॲड-ऑनचा ३५ चा आकडा घातला तर गुणांक येतो ८. कोणताही साधा पंख, इंजिनाची मदत न घेता, असला आकडा देत नाही.

मग व्हिडिओत ती विमानं जमिनीवर जवळजवळ उभी उतरतात, ते कसं? अलास्कातल्या व्हाल्डीझला दर मे महिन्यात कमीत कमी अंतरात उडण्या-उतरण्याची स्पर्धा होते. तिथे काही विमानं चारपाच मीटरमध्ये थांबतात. एक तर ती सोलून सोलून हलकी केलेली असतात. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ७९४ ऐवजी ५५० किलो वजन असेल तर ६९ चे ५७ होतात. दुसरं, इंजिन चालू असतं. प्रोपेलरचा झोत पंखाच्या मुळाकडच्या भागावरून वाहतो आणि नाक वर असल्यामुळे प्रोपेलर थोडा वरही ओढतो. तिसरं, आणि सगळ्यात मोठं, समोरचा वारा. हवेतला वेग ६० आणि समोरून वारा ४० असेल, तर जमिनीवरचा वेग फक्त २० उरतो. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानुसार ठरत असल्याने ते नवव्या हिश्श्यावर येतं. म्हणून ॲड-ऑनची परीक्षा घेताना वारा शून्य, वजन पूर्ण आणि थ्रॉटल बंद, हे आधी ठरवून घ्यायचं.

माझ्या विमानात स्लॅट लावण्या-काढण्याची सोय होती, आणि खरी चूक तिथेच सापडली. स्लॅट हा माझा फार आवडीचा विषय आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

पंखाच्या पुढच्या कडेला, मध्ये फट ठेवून बसवलेली अरुंद पट्टी म्हणजे स्लॅट. जर्मन वैमानिक गुस्ताव लाखमान १९१७ मध्ये विमान स्टॉल होऊन पडला आणि रुग्णालयात पडल्या-पडल्या त्याला ही कल्पना सुचली. इंग्लंडमध्ये विमानं बनवणारे हँडली पेज यांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली.

स्टॉल मुळात होतो कसा? हवा पंखाच्या गोल नाकावरून वळताना तिथे वेग खूप वाढतो आणि दाब खूप उतरतो. तिथून मागच्या कडेपर्यंत दाब परत चढत जातो. म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या थराला, सीमाथराला, दाबाचा चढ चढायचा असतो, आणि घर्षणामुळे हा थर आधीच दमलेला असतो. पंखाचा हवेशी असलेला कोन वाढवला की नाकावरचा दाब आणखी खाली जातो, चढ आणखी उभा होतो. साध्या पंखात साधारण १५-१६ अंशांना थर हार मानतो, उलटा वाहू लागतो आणि पंखापासून सुटतो. लिफ्ट कोसळते.

बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की स्लॅटच्या फटीतून जोरदार ताजी हवा येते आणि दमलेल्या थराला ढकलते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वायुगतिशास्त्रज्ञ ए. एम. ओ. स्मिथ यांनी दाखवलं की मुख्य काम वेगळंच आहे. स्लॅट स्वतः लिफ्ट देतो, म्हणजे त्याच्याभोवती हवेचं एक अभिसरण असतं. मुख्य पंखाच्या नाकाजवळ या अभिसरणाची दिशा तिथल्या प्रवाहाच्या विरुद्ध पडते. त्यामुळे नाकावरचा अतिवेग कमी होतो, दाबाचा खड्डा उथळ होतो आणि मागचा चढ सौम्य होतो. शिवाय मुख्य पंखाचा सीमाथर नव्याने सुरू होतो, स्लॅटवर दमलेला थर त्याच्या वाट्याला येत नाही. परिणामी पंख २५ अंश किंवा त्याहून जास्त कोनापर्यंत टिकतो.

यातून एक अचूक चाचणी मिळते. फ्लॅप लिफ्टचा आलेख वर उचलतो: त्याच कोनाला जास्त लिफ्ट. म्हणून पातळीत उडताना, वेग तोच ठेवून फ्लॅप उघडले की नाक खाली जातं. स्लॅट आलेख उचलत नाही, तो फक्त पुढे लांबवतो. त्याच कोनाला लिफ्ट जवळपास तेवढीच. फायदा फक्त मोठ्या कोनांना. म्हणून ताशी ९० ला पातळीत उडताना स्लॅट असो वा नसो, नाक क्षितिजाशी सारख्याच कोनात दिसायला हवं. माझ्या ॲड-ऑनमध्ये स्लॅट लावताच नाक चांगलं चार बोटं खाली आलं. करणाऱ्याने स्लॅट म्हणजे ‘जादा लिफ्ट’ एवढंच समजून सगळ्या कोनांची लिफ्ट एकदम वाढवून टाकली होती.

सिम्युलेटर कोणता, यावर हे सुटत नाही. काही सिम्युलेटर कोन आणि गुणांक यांचे तक्ते वाचतात. एक्स-प्लेन नावाचा सिम्युलेटर पंखाचे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल काढतो, पण त्यालाही पंखाच्या छेदाची माहिती कुणीतरी द्यावीच लागते. स्टॉलच्या पलीकडची माहिती तर वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या मोठ्या सिम्युलेटरांकडेही तोकडी असायची. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान स्टॉल होऊन पडलं आणि ५० माणसं गेली. त्यानंतर २०१६ मध्ये तिथल्या नियामकांनी व्यावसायिक सिम्युलेटरनी पूर्ण स्टॉल नीट दाखवावा, यासाठी नियम बदलले.

एक जुनी समजूतही याच बैठकीत तपासता येते. वाऱ्याच्या दिशेने वळलं की वारा पाठीमागून येतो, लिफ्ट जाते आणि विमान पडतं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. सिम्युलेटरमध्ये ताशी ४० चा स्थिर वारा लावा, उंचीवर जा आणि एकाच कलाने गोल फिरत राहा. जमिनीवरचा वेग वर-खाली होईल, हवेतला वेग हलणार नाही. विमान हवेच्या वाहत्या गठ्ठ्यात उडतं, जमिनीशी त्याचं नातं नसतं. जमिनीजवळ अपघात होतात ते जमीन वेगाने पळताना पाहून वैमानिक नकळत नाक वर ओढतो म्हणून, किंवा उंचीबरोबर वारा बदलतो म्हणून. त्यांना अपशकुनासारखा नियम चिकटवायचं कारण नाही.

बाकीच्या चाचण्या पटकन होतात. ६० अंश कलून उंची राखत वळताना स्टॉलचा वेग १.४ पट व्हायला हवा. ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता पाऊण होते. तिथे वेगमापीवर स्टॉलचा आकडा तोच दिसावा, पण जीपीएसवर सुमारे १६ टक्के जास्त. शेपटीचं चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून धावताना रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) सोडला की त्याने गिरकी घ्यायला बघावं. माझं ॲड-ऑन या तिन्हींत उत्तीर्ण झालं.

लिफ्टचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होता. स्लॅटचा आलेख १५ अंशांपर्यंत मूळ पंखासारखा केला, पुढे २६ पर्यंत लांबवला, आणि फ्लॅपसह कमाल गुणांक २.८ वर आणला. आता पूर्ण वजनाला ते ताशी ६० ला स्टॉल होतं. नदीच्या वळणावरचा गोट्यांचा जो चिंचोळा पट्टा मी आठवडाभर धावपट्टी म्हणून वापरत होतो, तो आता पुरत नाही. काल दोनदा पाण्यात गेलो. वरच्या अंगाला, दोन वळणं पलीकडे, एक लांब पट्टा दिसतो आहे.