दीड टनाची उडी आणि एक शिट्टी

थायलंडमधला एक अरुंद कालवा, त्यावरचा मोडका लाकडी पूल, आणि पलीकडच्या काठावरून निसटत चाललेला खलनायक. 1974 सालच्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बाँडपटात एएमसी हॉर्नेट गाडी या पुलावरून झेप घेते, हवेत स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी घेते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरते. कॅमेऱ्याची चलाखी नाही, खेळण्यातली गाडी नाही. पहिल्याच प्रयत्नात टिपलेली खरी उडी.

तिचं गणित संगणकावर मांडलेलं होतं. कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत हमरस्त्यांवरचे अपघात अभ्यासण्यासाठी एक प्रोग्राम तयार झाला होता. गाडी घसरते कशी, उलटते कशी हे तो सांगायचा. त्याच्यावरून या उडीचा उतार आखला गेला. चित्रपटाआधी 1972 साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये तिचा जाहीर प्रयोगही झाला होता.

मोडका पूल म्हणजे पिळलेल्या दोन फळ्या. चढाच्या फळीची एक बाजू हळूहळू दुसरीपेक्षा उंच होत जाते, त्यामुळे एका बाजूची चाकं वर उचलली जातात आणि जमीन सोडतानाच गाडीला गिरकी मिळालेली असते. हवेत गेल्यावर ती गिरकी वाढवता येत नाही की कमी करता येत नाही, कारण तिथे ढकलायला काही नसतं. हातात जेमतेम एक सेकंद. वेग थोडा कमी पडला तर दोन चुका एकदम होतात: गाडी अलीकडे पडते आणि गिरकीही अर्धवट राहते. म्हणून गाडी आणि चालक मिळून वजन 1,460.06 किलो धरलेलं. चालक एका बाजूला बसला तर तोल बिघडेल, म्हणून स्टीयरिंग काढून गाडीच्या मधोमध बसवलेलं.

आणि या साऱ्या खटाटोपावर पार्श्वसंगीतात एक शिट्टी वाजते. सरकत्या दांड्याची, सर्कशीतला विदूषक घसरून पडताना वाजते तशी. गाडी वळते तसा तिचा सूर चढतो आणि उतरतो. संगीतकार जॉन बॅरी यांनी पुढे या शिट्टीबद्दल खंत व्यक्त केली. अपघातशास्त्रातलं ते सगळं गणित सेकंदभरात गंमत होऊन गेलं. गाडीचा वेग, वजन, उतार यांतलं काहीच बदललेलं नव्हतं. बदलला तो फक्त प्रेक्षकाला मिळालेला इशारा: घाबरू नका, हे काही खरं नाही.

थरारक स्टंट ढिसाळ पटकथेला तारू शकतात का, या प्रश्नाचं उत्तर या शिट्टीत बरंचसं सापडतं. भौतिकशास्त्र ज्याला धोका म्हणतं आणि प्रेक्षकाला जो धोका वाटतो, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपले डोळे पहिली मोजूच शकत नाहीत.

उंचावरून पडण्याचंच बघा. तीस मीटरवरून, म्हणजे साधारण दहा मजल्यांवरून, पडणारा माणूस खाली येईपर्यंत ताशी 85 किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. त्याला किती मार बसणार हे त्या वेगापेक्षा तो किती अंतरात थांबतो यावर ठरतं. हिशोब सोपा आहे: पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, की शरीरावर स्वतःच्या वजनाच्या साधारण किती पट भार आला ते कळतं. एअरबॅगमध्ये तीन मीटर रुतत थांबला तर दहापट. हा भार क्षणभराचा असतो. पाठीवर सपाट पडलं तर सरावलेला माणूस उठून चालायला लागतो. फरशीवर शरीर चेपून पाच सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सहाशेपट, मग उठायचा प्रश्नच नाही. एअरबॅगला बाजूने झडपा ठेवलेल्या असतात, कारण हवा बाहेर गेली नाही तर पिशवी माणसाला चेंडूसारखं उडवून देते.

कमी उंचीसाठी आजही रिकामी पुठ्ठ्याची खोकी वापरतात. त्यांचे थर रचायचे, खोक्यात काही भरायचं नाही, वर पातळ गादी टाकायची आणि भोवती ताडपत्री किंवा दोर आवळायचा, नाहीतर ढीग फाकतो आणि माणूस थेट जमिनीवर पोहोचतो. पुठ्ठा दमट झाला की खोकं सावकाश चेपायच्या ऐवजी एकदम बसतं. मुंबईच्या पावसाळ्यात ही फार किरकोळ अडचण नाही.

1981 च्या ‘शार्कीज मशीन’साठी डार रॉबिन्सन या स्टंटमनने अटलांटातल्या एका हॉटेलवरून 220 फूट, म्हणजे 67 मीटर, खाली उडी घेतली. दोर नाही, खाली फक्त एअरबॅग. हवेचा विरोध सोडला तर हा वेग ताशी 130 किलोमीटरच्या आसपास जातो. चित्रपटात या उडीचा फक्त सुरुवातीचा भाग दिसतो. इमारतीच्या बाहेरून लांबून दिसणाऱ्या दृश्यात खाली येतो तो डमी. जीव धोक्यात घालून केलेलं काम पडद्यावर काही क्षणांत संपतं आणि बाकीची भीती बाहुला पुरवतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

गाडीच्या कोलांट्यांचं तर उलटंच आहे. ताशी 120 किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग मीटरभर चेपला, तर आतल्या माणसावर सरासरी 57 पट भार येतो. तीच गाडी कोलांट्या खात साठ मीटर गेली तर सरासरी भार जेमतेम एक पट. दर वेळी छत आपटताना झटके बसतात खरे, म्हणून आत लोखंडी पिंजरा आणि खांद्यांवरून येणारे पट्टे असतात. पण पडद्यावर जे जास्त भयानक दिसतं तेच शरीराला सोसायला सोपं असतं.

‘कसिनो रोयाल’ (2006) मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनने खाल्लेल्या सात कोलांट्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. गाडीचा गुरुत्वमध्य इतका खाली होता की नेहमीच्या उतारावरून ती उलटेचना. मग चालकाच्या आसनामागे नायट्रोजन वायूची तोफ बसवली. ठरावीक क्षणी बटण दाबलं की दट्ट्या जमिनीवर आपटतो आणि गाडीची एक बाजू उचलली जाते. ही युक्ती 1974 पासूनची. तेव्हा वायूऐवजी बंदुकीची दारू भरत, आणि चाचणीत ती जास्त झाल्यामुळे हॅल नीडहॅम या नामवंत स्टंटमनची पाठ मोडली होती. सात कोलांट्यांचा विक्रम झाला आणि 2024 मध्ये ‘द फॉल गाय’ने साडेआठ कोलांट्यांनी तो मोडला.

आता सात की साडेआठ, हे किती प्रेक्षकांनी मोजलं असेल? ‘कसिनो रोयाल’मधली ती गाडी उलटते, कारण रस्त्याच्या मधोमध हातपाय बांधलेली व्हेस्पर, म्हणजे बाँडची प्रेयसी, पडलेली असते आणि बाँड स्टीयरिंग गर्रकन फिरवतो. सहा कोलांट्या झाल्या असत्या तरी भीती तेवढीच वाटली असती. रस्त्यावर व्हेस्पर नसती तर बारा कोलांट्यांनीही तिची भरपाई झाली नसती.

डोळ्यांबद्दल एक प्रयोग याच मालिकेतल्या ‘मूनरेकर’वर (1979) झाला आहे. त्याच्या सुरुवातीला बाँड आणि जॉज नावाचा राक्षसी खलनायक विमानातून पडतात. ती झटापट खरोखर हवेत चित्रित झाली. कपड्यांखाली सपाट पॅराशूट लपवून आणि शिरस्त्राणावर कॅमेरा लावून त्यासाठी तब्बल 88 उड्या मारल्या गेल्या. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लेस्टर लॉश्की आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही प्रेक्षकांना आधीच्या संदर्भासकट जवळपास तीन मिनिटांचा तुकडा दाखवला, तर काहींना फक्त शेवटची बारा सेकंदं. ज्यांनी आधीचा भाग पाहिला होता त्यांनी जॉज आता सर्कशीच्या तंबूवर पडणार हे जास्त प्रमाणात ओळखलं. पण दोन्ही गटांचे डोळे जवळजवळ सारख्याच ठिकाणी फिरत होते.

म्हणजे काय, तर नजर पकडायला कथा लागतच नाही. हालचाल, प्रकाश, पटापट बदलणारी दृश्यं एवढ्यावर डोळे बांधले जातात. डोळे खिळले म्हणजे प्रेक्षक गुंतला, असा समज निर्मात्यांच्या बैठकीत सहज होतो, आणि ढिसाळ पटकथेवर आणखी एक स्फोट चढवला जातो.

गुंतणं कुठे घडतं हे दुसऱ्या एका प्रयोगात दिसतं. जॉर्जिया टेकमध्ये मॅथ्यू बेझडेक आणि एरिक शूमाकर यांच्या गटाने लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून थरारक चित्रपटांचे तुकडे दाखवले. त्यात हिचकॉकचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ही होता. चित्राच्या कडेला काळेपांढरे चौकोन लुकलुकत ठेवले होते. पात्रावरचं संकट गडद होत गेलं तसा मेंदूचा कडेचं दृश्य हाताळणारा भाग मंदावला. संकट ओसरलं की पुन्हा जागा झाला. भोवतालचा विसर पडणं आपण म्हणतो ते मोजता येण्याइतकं खरं आहे, आणि ते ‘याचं आता काय होणार’ या प्रश्नाला बांधलेलं आहे.

प्रश्न नसेल तर मेंदू सवय करून घेतो. नवा मोठा आवाज झाला की आपण दचकतो, तोच आवाज दहाव्यांदा झाला की मान वर करत नाही. चौथ्या स्फोटाला येणारी जांभई हा प्रेक्षकाचा कोडगेपणा नव्हे. त्याची मज्जासंस्था ठाकठीक असल्याची खूण आहे.

इथे ‘साधी कथा’ आणि ‘कमकुवत कथा’ यांची गल्लत होते. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ची (2015) कथा दोन ओळींत सांगून होते: वाळवंटातून पळायचं, मग त्याच वाटेने परत यायचं. पण कोणाला काय हवंय, कोण मागे लागलंय, इंधन-पाणी किती उरलंय, हे कुठल्याही क्षणी ठाऊक असतं. दोन तासांत सुमारे 2,700 कट आहेत, तरी डोकं गरगरत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट बहुतेक दृश्यांत चौकटीच्या मध्यावर ठेवली आहे. नवं दृश्य आल्यावर नजर नव्या जागी वळवायला डोळ्यांना सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. पाऊण सेकंदाच्या दृश्यात ती जागा दर वेळी उजवीकडून डावीकडे उडत राहिली, तर पाव भाग नुसत्या शोधाशोधीत जातो. कॅमेरा हलवून, कट वाढवून कमकुवत हाणामारी लपवायची सवय इथेच महागात पडते.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ‘शोले’तली (1975) रेल्वेवरची लढाई. पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर तिच्या चित्रीकरणाला सात आठवड्यांहून जास्त लागले, त्या काळात परदेशातून स्टंटतज्ज्ञ आणले. घोडे, मालगाडी, जळते डबे, सगळं आहे. पण या दृश्याला वजन येतं ते शेवटी. ठाकूर जखमी पडलाय, दोन्ही चोरांना पळून जायची संधी आहे, आणि जय नाणं उडवतो. कौल लागतो आणि ते दोघं थांबतात. वीसेक मिनिटांत सांगावं लागलं असतं ते, म्हणजे ही माणसं कशी आहेत आणि ठाकूर पुढे यांनाच का शोधतो, या एका मारामारीने सांगून टाकलं. नाण्याचं गुपित तर शेवटापर्यंत राखून ठेवलेलं. ही मारामारी कापली तर पुढचा चित्रपट कळणार नाही. संकलकाच्या टेबलावर एवढी एक कसोटी लावली तरी बरीच मोठमोठी स्टंटदृश्यं आपोआप उघडी पडतात.

याची जुनी खूण मूकपटांत सापडते. बस्टर कीटनच्या ‘द जनरल’साठी (1926) अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये खरं वाफेचं इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळवलं. मूकपटांच्या काळातलं सर्वांत महागडं दृश्य म्हणून ते ओळखलं जातं, आणि दुसऱ्यांदा करायची सोय नव्हती. पण कोसळण्याच्या आधी कीटनने एक गोष्ट पेरून ठेवली आहे. पूल पेटलेला असतो आणि सेनाधिकारी ऐटीत सांगतो, एवढ्या आगीने हा पूल तुम्हाला अडवणार नाही, चला. इंजिन पुलाच्या मध्यावर येतं, पूल खचतो, सगळं पाण्यात जातं. आणि लगेच पुढच्या दृश्यात त्या अधिकाऱ्याचा चेहरा.